सातव्या रिळाचा डबा

एकच सिनेमा मी दोन वर्षं दर रविवारी पाहिला असं सांगितलं, की लोक मला मोठा रसिक समजतात. त्यात रसिकपणाचा काही संबंध नव्हता. मी तो सिनेमा पाहत नव्हतो, फिरवत होतो. भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, खिडक्यांना गोधड्या ठोकलेल्या, आणि मी घामाने निथळत उजव्या हाताने मशीनचा दांडा फिरवतोय. पडद्याशेजारी आमचे घरमालक वेताची छडी घेऊन उभे आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू. माझा हात भरून यायचा, त्यांचं तोंड कधी भरून आल्याचं मला आठवत नाही.

तो काळ पन्नास सालानंतरचा. पिंपरीच्या माळावर एकेक कारखाना उभा राहायला लागला होता. बाटल्यांची बुचं करणाऱ्या एका कारखान्यात मला कारकुनी मिळाली, म्हणून साताऱ्याकडचं घर सोडून मी आलो आणि चिंचवड गावात खोली शोधू लागलो. नदीकडच्या आळीत एका म्हाताऱ्याकडे खोली आहे असं कळलं. गेलो तर म्हातारा ओट्यावर बसून एक गोल पत्र्याचा डबा फडक्याने पुसत होता. त्याने जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही.

"उजवा हात धड हाय का?" एवढंच विचारलं.

मला वाटलं, तब्येतीची चौकशी करतोय. मी म्हणालो, "धड आहे."

"मंग ऱ्हा."

हाताची चौकशी कशासाठी होती ते पहिल्या रविवारी कळलं. कारखान्याला रविवारची सुट्टी, आणि तो एक दिवस मी झोपून काढायचा असं ठरवलं होतं. दोन वर्षांत मी एकही रविवार झोपून काढला नाही.

बोलपट यायच्या आधी सिनेमा मुका असायचा. चित्रं हलायची, आणि मधूनमधून पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर यायचा. विलायती सिनेमा असला तर मजकूर इंग्रजी. जत्रेत तंबूत बसलेल्या माणसांना इंग्रजी कुठून येणार? म्हणून पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा एक माणूस तंबूवाले ठेवायचे. आमचे मालक तो माणूस. मावळ, खेड, जुन्नर, सगळ्या जत्रा त्यांनी त्या छडीने गाजवलेल्या. पुढे बोलपट आले, तंबूवाल्याने बाडबिस्तरा गुंडाळला आणि जो तो हाताला लागेल ते घेऊन घरी गेला. "बाकीच्यांनी देवादिकांची रिळं पळवली," मालक सांगायचे, "मला इमानं ऱ्हायली."

तर हा विमानांचा सिनेमा. पहिल्या महायुद्धातला. विलायतेत कुठेतरी एक वाऱ्यावर चालणारी पिठाची गिरणी असते. शेजारच्या माळावर लढाईची विमानं उतरतात आणि दोन वैमानिक गिरणीवाल्याच्या घरी मुक्कामाला असतात. त्यातल्या एकाचं गिरणीवाल्याच्या पोरीशी जुळतं. तो परत येताना त्याला माळ नेमका सापडावा म्हणून ती गिरणीच्या पात्याला पांढरी चादर बांधून ठेवते. सहाव्या रिळात त्याचं विमान धूर सोडत ढगात शिरतं आणि ती चादरीखाली उभी राहून वर बघत राहते. इथे सहावं रीळ संपतं. सातवं रीळ मालकांच्या म्हणण्याप्रमाणे खराब झालं होतं, त्यामुळे पुढचं ते तोंडानेच सांगायचे.

तोंडाने काय, सगळंच ते तोंडाने सांगायचे. हिरोचं नाव त्यांनी सर्जेराव ठेवलं होतं आणि पोरीचं गुलाब. दुसरा वैमानिक सर्जेरावाचा मावसभाऊ. गिरणीवाला म्हणजे गुलाबचा बाप, पाटील. एरवी मालक शुद्ध मावळी बोलायचे, पण पडद्याशेजारी उभे राहिले की एकदम राजवाड्यातली भाषा सुरू. "हे प्राणप्रिये, रणभूमी मजला पाचारण करीत आहे!" हे वाक्य म्हणायला त्यांनी निवडलेली जागा कोणती, तर सर्जेराव बूट पुसत असतो ती.

मी मॅट्रिक. इंग्रजी माझं चांगलं, आणि त्याचा मला अभिमानही भरपूर. मला त्या पाट्या वाचता यायच्या आणि मालकांना इंग्रजीचं एक अक्षर ठाऊक नव्हतं. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर दर रविवारी दीड तास धडधडीत खोटं चालायचं आणि ते मी स्वतःच्या हाताने फिरवायचो. पहिल्याच खेळानंतर मी त्यांना गाठलं.

"मालक, त्या पाटीवर 'तीन आठवडे त्याचं पत्र आलं नाही' असं लिहिलंय. तुम्ही सांगितलंत, 'बाबा, औंदा ज्वारी काय म्हणते?'"

"मंग?"

"मग काय? चूक आहे ते!"

"पत्र न्हाई आलं हे सांगाया पाटी कशाला पायजे? पोरगी सारखी दाराकडं बघतीया, दिसत न्हाई व्हय तुला? जे दिसतंय तेच परत सांगायचं व्हतं, तर तंबूवाल्यानं पोस्टमन ठिवला असता."

हे ऐकून मी आणखीच चिडलो. वर त्यांनी मलाच धंद्याचा नियम शिकवला. "वळी मोजायच्या, कारकून. पाटीवर दोन वळी असल्या तर दोन वळींचंच बोलणं. तीन असल्या तर तीन. एक वळ जास्त झाली, की लोकांना लबाडी कळती." आणि हे मात्र खरं होतं. मी पुष्कळदा लक्ष ठेवून पाहिलं. मजकूर तद्दन बनावट, पण पाटी जायची आणि त्यांचं वाक्य संपायचं, अगदी एकाच वेळी.

छडीच्या खुणा वेगळ्याच. एक ठोका म्हणजे दांडा हळू, तीन म्हणजे जोरात, आणि दोन ठोके पडले की मी डाव्या हाताने स्वतःची टोपी मशीनच्या भिंगापुढे धरायची, कारण त्या वेळी पडद्यावर सर्जेराव आणि गुलाब नको तितके जवळ आलेले असायचे. "आता उभयता कुलदैवतेस वंदन करीत आहेत!" मालक अंधारात सांगायचे. थेरगावहून येणारा एक पैलवान मागून ओरडायचा, "मालक, लई येळ चाललंय वंदन!" शेड हसायची आणि मला टोपी किती वेळ धरायची ते कळायचं नाही. लवकर काढली तर बायका पदर तोंडावर घ्यायच्या, उशिरा काढली तर पुढची पाटी बुडायची. दोन्हींबद्दल शिव्या मलाच.

मशीन थांबवायची सोय नव्हती. कार्बाइडच्या दिव्याची आच इतकी, की रीळ जागच्या जागी थांबलं तर पेटायचं. शिंक आली तरी हात चालू. एकदा दांड्याचं चाक मोडलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. मालक तीन दिवस सायकलवाल्या चाचांच्या दुकानात ठाण मांडून बसले. चाचांनी वैतागून जुन्या सायकलचं दातेरी चाक बसवून दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "लो भाई, पहनो बेड्या." तेव्हापासून मशीन कटकट असा आवाज करायला लागलं. एवढं सगळं करून खेळ संपला की मालक माझा दंड चाचपायचे आणि मान हलवायचे.

"हात बसला न्हाई तुजा अजून."

दोन वर्षं हे एकच वाक्य ऐकलं.

रविवार गेला म्हणून सुटका होती असंही नाही. दिघीकडे लष्कराची जमीन, त्या बाजूने अधूनमधून विमान जायचं. आवाज आला की मालक असतील तसे उठायचे. जेवत असले तर उष्ट्या हाताने, दाढी करत असले तर फेसासकट. अंगणात जाऊन कपाळावर आडवा हात धरायचे, विमान दिसेनासं होईपर्यंत बघायचे आणि परत येऊन म्हणायचे, "आपलं न्हाई." मी बसून राहिलेलं त्यांना खपायचं नाही. "ऊठ की! डोळं धड हायत ना?" मग मीही उठायचो. भाकरी गार व्हायची. आपलं म्हणजे कुणाचं, हे मी सुरुवातीला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आणखी एक तास गेला असता.

ते मला त्यांच्या सूनबाईंकडून कळलं.

सूनबाई तिशीच्या. घरात त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. मालकांचा एकुलता मुलगा त्याच तंबूत, त्याच सिनेमापुढे लहानाचा मोठा झाला. विमानांचं वेड लागून दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर म्हणून गेला. जाताना नुकतंच लग्न झालेलं. ब्रह्मदेशाकडे पाठवला आणि वर्षभरात कागद आला: बेपत्ता. तो कागद गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवला होता. बेपत्ता म्हणजे मेला असं कुणी म्हणत नाही, असं मालकांनी त्याच दिवशी जाहीर केलं आणि सुनेच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं. लढाई संपली, स्वराज्य आलं, पुढे माझ्यासारखे कारकूनही आले, तरी ते तसंच होतं.

हे कळल्यावर तो सिनेमा फिरवताना मला वेगळाच वैताग यायला लागला. कारण सहाव्या रिळाच्या शेवटी एक प्रकार असायचा. सर्जेरावाचं विमान ढगात गेलं, गुलाब चादरीखाली उभी राहिली, की मालक छडी खाली ठेवायचे आणि लोकांकडे वळून विचारायचे, "येणार का?" पहिलं उत्तर सूनबाईंनी द्यायचं, असा रिवाज होता. बायकांच्या बाजूने त्यांचा आवाज यायचा, "येणार!" मग सगळी शेड, "येणार!" पैलवान तर उभा राहून. त्यावर मालक सातवं रीळ तोंडाने सांगायचे: सर्जेराव येतो, वाजंत्री वाजतात, पाटील जेवणावळी घालतो. लोक खुशीत घरी जायचे. सूनबाई मागे राहून पडदा काढायच्या. पडदा म्हणजे एक चादर, तीही दर शनिवारी त्यांनीच नीळ घालून धुवायची.

सातव्या रिळाचा डबा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असायचा, वर लाल नाड्याची गाठ. मी आलो त्या दिवशी मालक पुसत होते तो हाच. एकदा मी म्हणालो, "खराब झालंय तर टाकून का देत नाही?" तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस फार चांगले गेले.

मग कारखान्यात एक नोटीस निघाली. मीच टाइप केली. बुचं पेट्यांत भरायच्या खात्यात बायका घेणार होते, आणि लढाईत गेलेल्यांच्या बायकांना आधी जागा. नोटीस टाइप करताना मला सूनबाईच दिसत होत्या. दुसऱ्यांच्या मिरच्या कांडून आणि गोधड्या शिवून त्यांची बोटं सोलवटलेली असायची. मालक सत्तरीला आलेले, त्यांच्या मागे सूनबाईंना कोण होतं? मी अर्ज घरी आणला. सूनबाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "भाऊ, माज्याच्यानं व्हईल हे काम?"

"का नाही होणार?"

त्या हसल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अडचण शेवटच्या रकान्यात होती. मुलगा लढाईत मृत्यू पावला आहे, असं बापाने सही करून लिहून द्यायचं आणि सोबत सरकारी कागद जोडायचा. बेपत्ता चालणार नव्हतं, ते मी साहेबांना विचारून घेतलं होतं. अर्ज बुधवारपर्यंत द्यायचा होता आणि हा आधीचा गुरुवार.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"कारखान्यात जा म्हणावं तिला. मी कवा अडवलं?"

"पण इथे सही लागते."

"कशाची?"

"की मुलगा... की तो आता नाही."

"मी बघितलं न्हाई," मालक म्हणाले. "बघितलं न्हाई ते कसं लिवू?"

माझं डोकंच फिरलं. "मालक, दोन वर्षं तुम्ही पाटीवर नसलेलं लोकांना सांगताय, तेव्हा हे सुचलं नाही? दर रविवारी खोटं चालतं आणि एक खरं लिहायची वेळ आली तर तुम्ही बघितलं नाही? त्या पोरीने काय करायचं? तुम्ही गेल्यावर चादर धुवत बसायचं?"

ते उठून आत गेले. मी बाहेरून ओरडून सांगितलं की येत्या रविवारी मी मशीनला हात लावणार नाही. कारखान्यात त्या दिवसांत संपाची बोलणी चालली होती, तर मीही संप पुकारला.

शनिवारी सूनबाई चादर वाळत घालून माझ्या दाराशी आल्या.

"भाऊ, उद्या मशीन फिरवा."

"तुमच्यासाठीच तर थांबवलंय."

"म्हणूनच म्हनती, फिरवा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या सातव्या डब्यात रीळ न्हाई. मी मागं एकदा पुसाया घेतला तवा आतून सळसळला, रीळ तसं वाजत न्हाई. उघडून बघितलं. लिफाफा हाय, सरकारी. मामंजींच्या नावाचा. त्यांनी फोडलासुदिक न्हाई."

मी पाहतच राहिलो. दुसरा कागद आला होता! कुणाला दाखवला नाही, वाचून घेतला नाही, तसाच डब्यात घालून नाडा बांधला. न फोडलेल्या लिफाफ्यात काहीही असू शकतं, असा त्यांचा हिशोब असणार. असला हिशोब फक्त आमच्या मालकांनाच सुचावा.

"द्या मला," मी म्हणालो, "आत्ता फोडतो आणि वाचतो."

"न्हाई. त्यांनी ठिवलाय, त्यांनीच काढला पायजे. मी चोरून वाचला, तर ह्या घरात आमा दोघांना एकमेकांच्या तोंडाकडं बघता यायचं न्हाई." मग म्हणाल्या, "पर मला आता वाट बघायची न्हाई, भाऊ. मला कामावर जायचंय."

रविवारी मी दांडा हातात घेतला. मालकांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेड भरलेली होती, थेरगावची मंडळी पुढेच. त्या दिवशी मालक फार चांगलं बोलले, हे मला चिडलेला असूनही मान्य करावं लागतं. कुलदैवतेचं वंदन झालं, मी टोपी वेळेवर काढली, पैलवानाने त्याचं ते वाक्य टाकलं. सहावं रीळ लागलं. विमानाने धूर सोडला, ढगात शिरलं. गुलाब चादरीखाली येऊन उभी राहिली.

मालकांनी छडी ठेवली. "येणार का?"

सगळे सूनबाईंची वाट पाहत होते. पहिला आवाज त्यांचाच असायचा.

मालकांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते दोन पावलं बायकांकडे सरकले. "गुलाब वाट पाहत आहे! येणार का?"

सूनबाई तशाच बसून होत्या. मशीनची कटकट तेवढी चालू होती. मालकांनी माझ्याकडे न बघता छडी उचलून एक ठोका मारला. हळू. मी हात हळू केला. पडद्यावरची पोरगी इतकी सावकाश मान वर करायला लागली की बघवेना. आणखी एक ठोका, आणखी हळू. दिव्याच्या आचेने रीळ तापल्याचा वास मला यायला लागला, पण मी त्यांचं ऐकलं. त्यांना वेळ हवा होता आणि तो देण्याची सोय जगात फक्त माझ्या हातात होती.

तिसऱ्यांदा विचारताना त्यांची नाटकी भाषा गेली. "पोरी, येनार का त्यो?"

"मामंजी," सूनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमीच सांगा."

रीळ संपलं. शेपूट फटफट करत चाकावर आपटायला लागलं आणि चादरीवर नुसता पांढरा उजेड पडला. त्यात मालकांची सावली उभी. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो आणि त्यांना एक शब्द सुचत नव्हता. शेवटी त्यांनी हाताने, जा, अशी खूण केली. लोक गुपचूप उठले. "पर आला का न्हाई त्यो?" पैलवान विचारत राहिला, तेव्हा त्याच्याबरोबरच्यांनी त्याला दंड धरून बाहेर नेला.

मी गोधड्या काढल्या. उजेड आत आला. मालक घरात गेले आणि डबा घेऊन आले. लाल नाड्याची गाठ त्यांना सुटेना. सूनबाईंनी पुढे होऊन ती सोडली.

"रीळ कवाच इरघळलं," मालक म्हणाले. "राखुंडीवानी झालं व्हतं, नदीत टाकलं. डबा रिकामा ऱ्हाऊ नये म्हणून हे ठिवलं."

लिफाफा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"वाच, कारकून. माज्यावानी न्हाई. पाटीवर हाय तेच वाच."

मी लिफाफा फोडला. आत टाइप केलेलं छोटं पत्र, इंग्रजी. मजकूर अवघ्या तीन ओळींचा, खाली सही. दोन वर्षं मी खऱ्यासाठी भांडत होतो, आणि आता खरं हातात आलं तर मी आधी वरची तारीखच वाचत बसलो. पत्राची तारीख लढाई संपल्यानंतरची होती. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. ब्रह्मदेशातल्या जंगलात एक मोडलेलं विमान सापडलं. त्यातल्या माणसांत तुमचा मुलगा होता, गळ्यातल्या बिल्ल्यावरून ओळख पटली. त्याच्यावर तिथेच अंत्यसंस्कार केले, कळवायला खेद वाटतो.

मालक माझ्या तोंडाकडे बघत होते. सूनबाईंचे डोळे जमिनीवर होते. पत्र संपलं होतं. मी ते घडी करून परत द्यायचं, एवढंच काम उरलं होतं.

"त्यांना त्रास झाला नाही," मी म्हणालो. "एका क्षणात गेले, असं डॉक्टरांनी लिहिलंय."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरचं नावसुद्धा पत्रात नव्हतं.

सूनबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते, लवकर थांबणारं नव्हतं. मालक त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बसले. "रड पोरी," म्हणाले, "माजं चुकलं. लई चुकलं." मला काय करावं कळेना, म्हणून मी चादर काढून घड्या घालायला लागलो. मलाही रडू येत होतं.

बऱ्याच वेळाने मालकांनी पत्र मागून घेतलं. मांडीवर पसरलं आणि एकेका ओळीवरून बोट फिरवलं. एक. दोन. तीन. मग सहीवर येऊन बोट थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला कानकोंडं झालं.

"तीन वळी हायत," ते हळूच म्हणाले. सूनबाईंना ऐकू जाणार नाही इतकं हळू.

मी चादरीची घडी उलगडून पुन्हा घातली.

मालकांनी पत्राची घडी केली आणि माझा उजवा दंड चाचपला. "बसला तुजा हात," ते म्हणाले.

मग त्यांनी अर्ज मागवला. सूनबाईंनी दौत आणि टाक आणून ठेवला. कुठे सही करायची ते मी बोटाने दाखवलं. त्यांची सही मोडीतली, एकदा टाक टेकवला की नाव पुरं होईपर्यंत उचलायचा नाही. दोन अक्षरं झाली असतील, तेवढ्यात दिघीच्या बाजूने विमानाचा आवाज आला.

मी उठलो. सवयीने उठलो, दुसरं काय! दारासमोरच अंगणात थांबलो, कपाळावर आडवा हात धरला आणि ते लांब जाईपर्यंत बघत उभा राहिलो. शेजारी कुणीच आलं नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"आत ये, कारकून," मालक आतून वैतागून ओरडले. "दाराचा उजेड अडवू नकोस. मला सही दिसंना झालीया."